रावसाहेबांचा फोटो

तीर्थरूप मामांना,

लांबूनच वाकून नमस्कार. (जवळून वाकायची सध्या कोणापुढेच हिंमत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? मी बरा आहे, म्हणजे हातपाय जागेवर आहेत.

तुम्ही दिलेल्या कॅमेऱ्याचा मुहूर्त झाला. मी जनावरांच्या दवाखान्यात नोंदी ठेवतो खरा, पण काचेच्या या बाजूला, आणि कुत्र्यांना किती भितो हे तुम्ही लहानपणापासून बघत आलात. तर एक निवृत्त शिक्षिका बाई आपला कुत्रा घेऊन आल्या. वासराएवढा, काळाकुट्ट, नाव रावसाहेब. (एकेरी उल्लेख करायची माझी छाती नाही.) त्यांच्या पोटात गाठ, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आणि वय झालेलं, म्हणून डॉक्टर खात्री देईनात. बाई म्हणाल्या, त्याआधी एक नीट फोटो हवा. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. कॅमेरा माझ्या टेबलावरच होता.

तुम्ही फोनवर शिकवलेलं घोकत आत गेलो. अपर्चर म्हणजे उजेड आत यायचं भोक. आकडा लहान तर भोक मोठं (हा उलटा कारभार कोणाचा, देव जाणे). खोली अंधारी, म्हणून भोक मोठं केलं, तर नाक स्पष्ट आणि कान धुक्यात, कारण मोठ्या भोकाला पुढचं-मागचं एकदम स्पष्ट पकडता येत नाही. मग शटर, म्हणजे उजेडाचं दार किती वेळ उघडं राहणार ते. जरा जास्त उघडं ठेवलं, तर माझे हात लटपटत असल्यामुळे एका रावसाहेबांचे तीन झाले. (एकच पुरे होते.) दार झटकन मिटवलं तर सगळा काळोख, आणि त्या काळोखात काळा कुत्रा. आयएसओ वाढवला, म्हणजे कमी उजेडात कॅमेऱ्याला जास्त बघायला लावलं, तर फोटोभर वाळू सांडल्यासारखे दाणे. आणि तुमच्या लेन्सला झूम नाही. जवळचं हवं तर आपण जवळ जायचं, असं तुम्ही किती सहज सांगितलं होतंत!

गेलो. रावसाहेब गुरगुरले. बाई हळूच म्हणाल्या, "तो चिडलेला नाही हो. घाबरलाय."

तेव्हा नीट पाहिलं, तर त्यांचे मागचे पाय माझ्याइतकेच लटपटत होते. बाईंचे हातसुद्धा. खोलीत धीट असं कोणीच नव्हतं. (डॉक्टर बाहेर गेले होते.) मी फरशीवर बसलो, कारण उभं राहवत नव्हतं, कोपरं गुडघ्यांवर टेकवली, श्वास धरला आणि बटण दाबलं. कान धुकटच आलेत, दाणेही आहेत, पण डोळे लख्ख, आणि ते बाईंकडे बघताहेत. बाई कॅमेऱ्याच्या पडद्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हाच."

ऑपरेशन सुखरूप पार पडलं. आणि मामा, माझी कुत्र्यांची भीती साफ गेली.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा

ता.क. कॅमेऱ्याचा पट्टा आता अर्धाच आहे. उरलेला अर्धा कुठे गेला ते एक्स-रेत दिसेल असं डॉक्टर म्हणतात.

आणखी ता.क. टाके सुकेपर्यंत रावसाहेबांना जिना चढायला मनाई आहे. बाई चौथ्या मजल्यावर राहतात, आणि मी तळमजल्यावर राहतो हे डॉक्टरांना कोणी सांगितलं कोण जाणे. बाई सकाळ-संध्याकाळ येऊन बसतात. मधला वेळ आम्ही दोघंच. हे पत्र स्वयंपाकाच्या ओट्यावर बसून लिहितोय आणि खिडकीतून शेजारच्या काकूंकडे देतोय. उडी मारायलाही मनाई आहे म्हणे, पण ते रावसाहेबांना कोणी समजावलंय का? तेव्हा राहायलाच या. किल्ली काकूंकडे आहे. बेल मात्र वाजवू नका. बेल वाजली की ते आधी माझ्याकडे बघतात.