चेष्टेचा शेरा

९ जानेवारी २०२३, सोमवार
आज परत 'आंटी'! सावरगावच्या शाळेत सरावपाठ सुरू झाले. आमच्या बी.एड.च्या बॅचमध्ये चाळिशीची मी एकटीच. डिंपल बावीस वर्षांची, माझ्याच बाकावर बसते. सगळ्यांसमोर ओरडली, "आंटी, लेसन प्लॅन झाला का तुमचा?" झाला की! सकाळी सहाला, पोळ्यांच्या आधी. मग तिनं तोच अख्खा उतरवून घेतला. आंटी चालत नाही, आंटीची वही चालते.

१० जानेवारी
सौंसरहून पांढुर्ण्याची बस सव्वासातची, सावरगाव त्याला लागूनच. गजेंद्र (इथे पानावर नवऱ्याचं नाव घ्यायला कोण अडवतंय!) स्टँडवर सोडतात आणि बस हलली की ओरडतात, "मास्तरीणबाई, डबा राह्यला ना वो!" सगळी बस माझ्याकडे बघते. "अकरा वर्षं पोट्ट्यायले शिकवून राहिली तू, आता तुले काय शिकाचं राह्यलं?" हे तर त्यांचं रोजचंच.

राहिलाय तो कागद. आमच्या शाळेचे हेडसर दोन वर्षांपूर्वीच म्हणाले होते — डिग्री आणा, नाहीतर २०२३च्या जुलैपासून तिसरीचा वर्ग दुसऱ्या कुणाला. आणि मला माझी तिसरीच हवी. मोठी पोरं नकोत, त्यांना मिशा फुटलेल्या असतात आणि सगळं येत असतं. आमच्या मध्य प्रदेशात तिसरीतली घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी पुस्तक उघडलं की भांबावतात. त्यांना मी लागते. गर्व म्हणा, पण खरं आहे.

१७ जानेवारी
पहिला पाठ. अकरा वर्षं शिकवते, पण मागच्या बाकावर बी.एड.च्या रजनी मॅडम वही घेऊन बसल्या की स्वतःचं नावही आठवेना. त्या रीव्याच्या, मराठीचा गंध नाही. चष्म्यावरून अशा बघतात की हातातला खडू आपोआप मोडतो. सगळा पाठ कसाबसा, पाठ केल्यासारखा म्हटला. मधे फक्त एकदा एका मुलीला म्हटलं, "स्वेटर उलटं घातलं का तूच उलटी आहेस?" वर्ग हसला, तेवढंच.

शेवटी मॅडमचा शेरा, लाल शाईत — "शिक्षिका और चेष्टा करें।"

बसमध्ये चारदा वाचला. म्हणजे तो स्वेटरचा विनोद आवडला की काय! दिसायला एवढ्या कडक बाई, आणि म्हणतात आणखी चेष्टा करा! माणसाचं काही सांगता येत नाही.

२४ जानेवारी
आज जे झालं ते लिहितानाही कान गरम होताहेत.

पाठ होता वाहनांचा. मी मॅडमचा शेरा डोक्यात ठेवूनच गेले. कंडक्टर झाले! एक हात खिडकीबाहेर, आवाज नाकातून — "चलो, सौंसर-रामाकोना-छिंदवाडाऽऽ! ओ काकाजी, बकरी का भी टिकट लगेगा!" पोरं बाकांवर चढली. एकानं हॉर्न वाजवला, दुसरा बकरी झाला. बैलगाडी, रेल्वे, ट्रॅक्टर, सगळी वाहनं त्यांनी आपणहून सांगितली, हिंदीत! मॅडमचं पेन थांबलेलं मला दिसत होतं. मला वाटलं, रमल्या.

तास संपल्यावर विचारलं, "यह सब क्या था?"
"मॅडम, चेष्टा. आपने ही लिखा था ना."

डिंपलनं तोंडात रुमाल कोंबला. मग मॅडम एकेक अक्षर वेगळं करून म्हणाल्या, "चेष्टा यानी प्र-या-स."

प्रयत्न! अगं बाई! हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न! जन्म मध्य प्रदेशात गेला, पण बाजारात, बसमध्ये, बँकेत सगळे 'कोशिश'च म्हणतात, चेष्टेचा हा अर्थ मला कुणी सांगितला होता? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमनी विचारलं, "और मराठी में?" सांगितलं. हसल्या नाहीत. चष्मा काढला, पुसला. पुन्हा पुसला. पाठ फिरवून बराच वेळ पुसत होत्या. शेरा काहीच लिहिला नाही, आता मार्कांचं काय करतील देव जाणे.

२५ जानेवारी
गजेंद्रना सांगितलं. दोनदा ठसका लागला त्यांना. सकाळपासून चहा मागताना "और चेष्टा करें" म्हणताहेत.

११ फेब्रुवारी, शनिवार
आमच्या शाळेत डोकावले. तिसरीनं गराडा घातला. "मॅडम, तुम्ही पास झाल्या का?" अजून नाही म्हटलं. एक पोरगा गंभीरपणे म्हणाला, "नाई झाल्या तं आमच्यातच बसजा. माह्या बाकावर जागा हाय." येताना रस्त्यात हसले, मग डोळे भरून आले. हा वर्ग गेला तर मी काय करणार आहे?

११ एप्रिल
शेवटचा पाठ. बाहेरचे परीक्षक! मी अगदी सुतासारखा सरळ, शहाणा पाठ बसवून नेला होता. वर्गात शिरताना रजनी मॅडम दारात उभ्या. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "थोड़ी चेष्टा भी। मराठी वाली।"

मग काय! केली.

१८ जुलै
पास! फर्स्ट क्लासमध्ये! गजेंद्रनी स्टँडवर पेढे वाटले, सव्वासातच्या ड्रायव्हरलासुद्धा. डिंपलचा फोन — "आंटी, आपण दोघी पास!" आज आंटी गोड लागलं.

२० जुलै
हेडसर म्हणाले, कागद जमा करा, पंधरा ऑगस्ट झाला की नेमणूक पक्की आणि तिसरी तुमची. मी वर्गाच्या भिंतीसाठी वाहनांची चित्रं कापून ठेवली आहेत. बकरीसुद्धा कापली, तिकिटासकट.

१२ ऑगस्ट
गजेंद्रनी पेपर आणला. आधी स्वतः वाचला, मग माझ्यापुढे ठेवला. सुप्रीम कोर्टाचा निकाल. पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही, डी.एल.एड.च पाहिजे. तो वेगळा कोर्स, दोन वर्षांचा. दुपारी हेडसरांचा फोन — "तिसरी आता देता येत नाही. सातवी घ्या ना, चांगला वर्ग आहे."

ज्या वर्गासाठी ही डिग्री घेतली, तोच वर्ग या डिग्रीवर मिळणार नाही. रडले. चांगली तासभर रडले.

गजेंद्र बाजूला बसून होते. पेपरची घडी घालत म्हणाले, "तो दुसरा कोर्स... त्याचा फार्म कुठं भेटते?"