बरणीवरची लाल रेघ

ती. आईस,

योगिताचा नमस्कार. मी इथं पुण्यात बरी हाय, जेवण वेळेवर होतंय. तुझे गुडघे कसे हायत? म्हैस व्याली का?

आई, दिवाळीत आले तेव्हा चहा-साखरेच्या बरण्यांवर मी नेलपॉलिशनं रेघा मारल्या. "रेघेच्या खाली गेलं की सांग, मी किराणा पाठवते," म्हणाले. इथं दुकानात माल किती उरला ते बघणं हेच माझं काम, म्हणून घरीही हुशारी दाखवली. वरून बोलले, "तीन माणसांना एवढी साखर कशाला लागती?"

परवा व्हिडिओ कॉलवर तुझ्यामागं फळीवर बरणी दिसली. साखर रेघेच्या लई वर होती. हिशेब जमला म्हणून मी खूष झाले. मग मोहिनी वहिनी बोलून गेली, रोज आपल्याकडं चहाला थांबणारी कडूमावशी शेळ्या घेऊन येताना दिसली की तू आतून कडी लावतेस. आणि स्वतः बिनसाखरेचा चहा पितेस. हे पत्र वहिनीच वाचून दाखवत असंल, तिच्यावर चिडू नको.

फोनवर विचारलं असतं तर तू "तसं काई न्हाई" म्हणून म्हशीचं सांगत बसली असतीस.

लहानपणी तू रानात असायचीस तेव्हा मला चहा-भाकरी कडूमावशीच द्यायची. मी तिचाच चहा बंद केला, आई.

सुरीनं त्या रेघा खरवडून टाक. मावशीला ओट्यावरनं हाक मार. आणि साखर संपली म्हणून फोन कर. लवकर कर.

तुझीच,
योगी