अण्णांच्या वहीतला पिवळा कागद

१२ फेब्रु. २००८, मंगळ
आठ महिन्यांनी घराला एक गिऱ्हाईक मिळालं, तर आता खिडक्यांचा कागद हवाय. एजंट कॅरनचा फोन: २००४ मध्ये बदललेल्या अकरा खिडक्यांचं परमिट सिटीच्या ऑफिसात सापडलं, पण शेवटच्या तपासणीची नोंद नाही. त्याशिवाय गिऱ्हाइकाची बँक हलत नाही. मुदत २९ तारखेपर्यंत. नवरा, मि., तिकडे नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला नव्या नोकरीवर, एका खोलीत. मी आणि लेक रेवा इथे मिशिगनमध्ये, नोव्हायला, घर सांभाळत. हे गिऱ्हाईक गेलं तर घर बँकेच्या घशात. समोरच्या दोन घरांचं तेच झालं.

१४ फेब्रु.
खिडक्या बसवणाऱ्याची कंपनीच बंद झाली म्हणे. सगळ्या फाइली उपसल्या. टोस्टरचं गॅरंटी कार्ड मिळालं! तपासणीचा कागद नाही. पण तो होता. पिवळा, दाराला चिकटवलेला. त्या दिवशी ऑफिसातून आले तेव्हा अण्णा तो सोलून काढत होते, नीट, कोपरा न फाडता. मला काहीतरी सांगत होते. मी फोनवर. हातानेच ‘नंतर’ म्हटलं.

१५
मि. चिडला. "एक कागद सांभाळता येत नाही?" खिडक्या बदलल्या त्या माझ्या वडिलांना थंडी सोसत नव्हती म्हणून, हे तो बोलला नाही. मला ऐकू आलं.

१७, रवि
पाठकोरे! आंघोळ करताना आठवलं. अण्णा जन्मभर कचेरीत कारकून. एका बाजूने कोरा कागद टाकणं म्हणजे त्यांना पाप. २००४ मध्ये इथे राहिले त्या सहा महिन्यांत जाहिराती, बिलं, रेवाच्या शाळेची पत्रकं, सगळ्यांचे पाठकोरे जमवून दाभणाने वही शिवली होती. रोज दुपारी त्यात लिहीत बसायचे. जाताना सांगलीला घेऊन गेले. पिवळा कागद त्यातच असणार. अण्णा जाऊनही दोन वर्षं होत आली.
भावाला, नंदूला फोन. "अगं ताई, माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. बघतो." रद्दीत घातली नसली म्हणजे मिळवलं.

१९
नंदूने अजून बघितलं नाही. मिरजेला लग्नाला गेलाय. ओरडणार होते, गिळलं. अण्णांचं शेवटचं सगळं त्यानेच केलं. मी विमानात होते.

२१, गुरु
मिळाली वही. नंदूने कागद स्कॅन करून पाठवला. मेल उघडली. मंजुरी नाहीच ती. ‘तपासणीसाठी आलो होतो. कोणी दार उघडलं नाही. फोन करून पुन्हा वेळ घ्या.’ एवढंच. म्हणजे तपासणी कधी झालीच नाही.
सिटीला फोन. सोमवारी २५ ला, नऊ ते बारा, माणूस येईल. आग लागली तर बाहेर पडता येईल एवढ्या बेडरूमच्या खिडक्या उघडायला हव्यात. नाही उघडल्या तर बदला. चार दिवसांत कोण बदलून देणार, डोंबल?
नंदू पुन्हा फोनवर. "ताई, मागे अण्णांचं अक्षर आहे. वाचू?"
नको म्हटलं. मग म्हटलं, वाच. जसंच्या तसं उतरवून घेतलं:
‘आज एक साहेब आला. दोनदा बेल वाजवली. सुमाने बजावले आहे, कोणालाही दार उघडायचे नाही. उघडले नाही. नव्या काचेतून त्याने मला पाहिले. मी नमस्कार केला. त्यानेही हात हलवला. या आठवड्यात दाराशी आलेला पहिलाच माणूस. चहा विचारायला हवा होता. कागदाचे सुमाला सांगायचे आहे. ती फोनवर आहे.’
नंदू म्हणाला, "ताई, ऐकतेयस ना?"

२२
ऑफिसात काही सुचलं नाही. दार उघडू नका, हे मीच सांगायचे. रोज. किल्ली फिरवता फिरवता, वळूनही न बघता.

२४, रवि
मि.ला कागदाचं सांगितलं. मागच्या बाजूचं नाही सांगितलं. "उद्या माप जुळलं नाही तर?" त्याने विचारलं. मला काय माहीत.
अण्णांच्या खोलीतली खिडकी टेपने मोजली. एकदा मापात बसते, एकदा पाव इंच कमी. पाच वेळा मोजली. रेवा दारात उभी. "आई, प्लीज स्टॉप."
उद्याची रजा टाकलीय. २००४ मध्येही खिडकीवाला म्हणाला होता, तपासणीला कोणीतरी घरी थांबा. तेव्हा मला वाटलं, अण्णा आहेतच की.
उद्या दार मी उघडणार. चहाही विचारणार. माप जुळो, न जुळो.