बाबांना बोट लागू नये म्हणून

ती. ताई,

नमस्कार वाकून केला आहे असं समज. (प्रत्यक्ष वाकण्याजोगी कंबर सध्या माझ्यापाशी नाही. ती जहाजावरच्या अरुंद पलंगावर राहिली.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींनी रात्रीचा पंखा बंद केला की नाही, का अजून खोकला आणि पंखा दोन्ही चालू आहेत? इकडे आम्ही तिघंही जिवंत आहोत. हे वाक्य सहज लिहिलंय असं मानू नकोस. मागच्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर आधी तिघांकडे एकेकदा बघून यावं लागलं असतं.

फोनवर मी तुला प्रवास छान झाला म्हणून सांगितलं. ही शेजारी उभी होती आणि फोनवर तसंच सांगायचं असतं. आता खरं काय झालं ते सावकाश ऐक. वाचताना एकदम शेवटाकडे उडी मारू नकोस, तुझी ती जुनी सवय आहे.

आई गेल्यापासून आमच्या घरात काय चालतं हे तू नेहमी विचारतेस आणि मी ठीक म्हणतो. खरं तर काहीच चालत नाही. बाबा आणि मी सबंध दिवसात तीन वाक्यं बोलतो. पेपर कुठे आहे, जेवण झालं का, आणि बाहेरचा दिवा. (तिसरं वाक्य आता इतकं झिजलंय की त्यातलं 'बंद कर' गळून पडलंय.) तुला आठवतच असेल, बाबा वजनमापे निरीक्षक होते तेव्हा दुकानदार त्यांना लांबून पाहूनच तराजू पुसायला घ्यायचे. ते निवृत्त झाले, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही. आमच्याकडे डाळीची पुडी येते ती आधी त्यांच्या तळहातावर जाते, तिथे थोडी खालीवर होते आणि मग एकतर 'हं' असं ऐकू येतं किंवा काहीच ऐकू येत नाही. काहीच ऐकू आलं नाही, तर दुकान बदलायचं.

असा माणूस एके दिवशी जेवताना मिठाच्या डबीला म्हणाला, "समुद्राच्या अगदी मधोमध गेल्यावर काय दिसत असेल कुणास ठाऊक." आमच्यापैकी कुणाला म्हणाले असते तर विषय तिथेच संपला असता. पण डबीला म्हणाले म्हणून हिच्या काळजाला ते लागलं आणि तिने आम्हा तिघांची क्रूझ ठरवली. हंगाम संपलेला होता. हंगाम संपल्यावर समुद्रही संपल्यासारखाच दिसतो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. वर राखाडी, खाली राखाडी, मध्ये एक पांढरं जहाज आणि त्यावर आमच्यासारखीच, कुणाच्या तरी आग्रहाने आलेली माणसं. करमणुकीला एक वादक होता. तो रोज दुपारी रिकाम्या खुर्च्यांपुढे पेटी उघडायचा, आनंदी गाणी वाजवायचा आणि स्वतःच मान खाली घालायचा.

आता मूळ गोष्टीकडे येतो. बाबांना बोट लागेल ही भीती आम्हा दोघांनाही होती. त्यांना ती लागते का, हे आम्ही त्यांना विचारलं नाही. (हे वाक्य लक्षात ठेव. ते न विचारल्यामुळेच पुढचं सगळं घडलं.) ही शिकवते त्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई मागे कुठेतरी सफरीला गेल्या होत्या, त्यांच्याकडचं उरलेलं पाकीट ही घेऊन आली. कानामागे चिकटवायच्या औषधी पट्ट्या, नाण्याएवढ्या गोल. बाईंनी एवढंच सांगितलं होतं की एकदा चिकटवली की तीन दिवस बघायला नको. पाकिटात माहितीचा कागद होता, पण त्याचा टाइप इतका बारीक की चष्म्याशिवाय वाचणं अशक्य, आणि आयुष्यभर लोकांना चष्मे विकणारा तुझा भाऊ स्वतःचा वाचायचा चष्मा दुकानाच्या गल्ल्यावर विसरून आला होता. हिने कागद हातात घेतला, म्हणाली, यात वाचण्यासारखं काय असणार, आणि त्याची घडी करून जहाजावरच्या खोलीतल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

जहाज सुटायच्या आधी दुपारी मी बाबांच्या उजव्या कानामागे एक पट्टी लावली. ही वरच्या मजल्यावर जेवणाच्या वेळा विचारायला गेली होती, म्हणून तिला बोललो नाही. नंतर सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना, या माणसाने काही लावली नसणार अशा खात्रीने (लग्नाला इतकी वर्षं झाली की अशी खात्री येते) हिने बाबांच्या डाव्या कानामागे दुसरी लावली. बाबा बाजूच्या पलंगावर निमूट बसून होते. दोन्ही वेळा त्यांनी मान वळवून कान पुढे केला, एवढंच.

त्याच सकाळी दाढी आटोपल्यावर आरशात पाहिलं तर माझ्या उजव्या डोळ्याची बाहुली बशीएवढी झालेली आणि डावी होती तेवढीच. ताई, आमच्या धंद्यात असा डोळा समोर आला की आम्ही चष्मा विकत नाही, त्या माणसाला थेट इस्पितळात पाठवतो, कारण असल्या डोळ्यामागे कधीकधी मेंदूचं काहीतरी असतं. दुसऱ्याला पाठवणं सोपं आहे. स्वतःला मी पाठवू शकलो नाही. पलंगाच्या कडेवर बसून मी दुकान हिच्या नावावर केलं, काचा घासायचं यंत्र माझ्या कारागिराला दिलं आणि सरणावर कुठला शर्ट नको हेसुद्धा मनात ठरवून टाकलं. मग काळा चष्मा लावून डेकवर गेलो. उन्हाचा पत्ता नव्हता. ही म्हणाली, एवढं नटायचं होतं तर घरी नटायचंत, आणि जहाजावरच्या लोकरीच्या दुकानाकडे निघून गेली.

डेकवर लाकडी आरामखुर्च्यांची रांग होती आणि एका खुर्चीत बाबा पाय घोंगडीत गुंडाळून बसले होते. मी शेजारी बसलो. उजव्या डोळ्याने जवळचं काही धड दिसत नव्हतं, समुद्र होता तसाच वाईट दिसत होता. मग बाबा माझ्याकडे वळले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "आपण एकटेच प्रवास करता का?"

मला वाटलं थट्टा करताहेत. पण बाबांनी उभ्या जन्मात थट्टा केलेली नाही, त्यांना ती करता आली असती तर आईचा बराच त्रास वाचला असता. त्यांचा चेहरा लालसर होता, ओठ कोरडे पडले होते, आणि बोलता बोलता ते हवेतून एखादा दोरा वेचावा तशी बोटं हलवत होते. मी म्हटलं, "हो, एकटाच." का म्हटलं ते अजून कळलेलं नाही.

मग बाबा बोलायला लागले. ताई, मला साठावं लागायला आलं, पण त्या खुर्चीत मी जेवढं ऐकलं तेवढं मी त्यांच्याकडून आजवर सगळं मिळूनही ऐकलेलं नाही. म्हणाले, "माझी बायको गेली. घरात बोलायचं काम तिच्याकडे होतं. मुलाला काही सांगायचं तर मी तिला सांगायचो, त्याला मला काही सांगायचं तर तोही तिलाच. आता आम्ही दोघं आहोत आणि मधलं माणूस नाही." तुझ्याबद्दलही बोलले, ऐकून घे. म्हणाले, मुलगी लांब असते, फोन करते आणि तिकडचं हवामान सांगते, मीही इकडचं सांगतो. (हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. मला जे टोचलं ते पुढे आहे.)

"मुलाचं चष्म्यांचं दुकान आहे," म्हणाले. "एकदा गेलो होतो. बाहेरच उभा राहिलो. आत तो एका म्हाताऱ्या बाईंना चष्मा लावून बघत होता. काडी कानामागे नेताना केस बाजूला करत होता, इतक्या हलक्या हाताने, की त्या बाईंनी डोळे मिटून घेतले."

मी विचारलं, "मग आत का नाही गेलात?"

"मी आत गेलो असतो तर त्याचा हात बिघडला असता," बाबा म्हणाले. "माझ्यासमोर तो नेहमी घाई करतो. मी लोकांची मापं काढत फिरलो, त्याला वाटतं त्याचंही काढतोय."

हे काही ठीक नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी उठून कुणाला तरी बोलवायला हवं होतं. तुझ्यापासून काय लपवायचं, मी आणखी थोडा वेळ बसलो. मी त्यांना विचारलं, मुलगा कसा आहे स्वभावाने? बाबांनी विचार केला आणि म्हणाले, "बरा आहे. पण माझ्याशी बोलताना पाहुण्यासारखा बोलतो. आपण बरे आहात, आपल्याशी बोलता येतं."

आणि मग ते उभे राहिले, घोंगडी नीट घडी करून माझ्या मांडीवर ठेवली, म्हणाले, "चला, माझं स्टेशन आलं," आणि सरळ जहाजाच्या कठड्याकडे चालू लागले. ताई, मी आयुष्यात इतक्या जोरात कुणालाच धरलेलं नाही. दोघंही डेकवर आडवे झालो. वादकाने वाजवणं थांबवलं. बाबा माझ्या दंडाला धरून मला उठवत म्हणत होते, "लागलं का आपल्याला? लागलं का?"

जहाजाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि कंटाळलेल्या होत्या. त्यांनी बाबांची नाडी बघितली, जीभ बघितली, मग उजवा कान पुढे केला आणि मग डावा. "या दोन का?" त्यांनी विचारलं. एक माझी, मी म्हणालो. एक माझी, ही म्हणाली. त्यानंतर आम्ही जे बोललो ते तुला सांगण्यासारखं नाही. त्यात दोन्ही घराण्यांचा उल्लेख होता. बाईंनी तेवढ्यात दोन्ही पट्ट्या काढून चिकट बाजू आत दुमडून टाकून दिल्या आणि कानामागची जागा साबणाने धुतली. मग सांगितलं की पट्टी एका वेळी एकच लावायची असते, आणि या वयाच्या माणसाला तीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कारण म्हाताऱ्यांना एका पट्टीनेसुद्धा भ्रम होऊ शकतो. तोंड कोरडं पडतं, लघवी अडते. बाबांची सकाळपासून अडलेलीच होती, त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती. नळी घालावी लागली. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि आतून बाबांचा आवाज येत होता, माझ्या मुलाला बोलवा, माझ्या मुलाला बोलवा. मी आत गेलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आपण कशाला त्रास घेतलात, मुलगा येईलच."

मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझा काळा चष्मा काढला, डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, "पट्टी लावल्यावर हात धुतले होते?" नव्हते धुतले. तेच बोट डोळ्याला लागलं होतं. माझा मेंदू शाबूत होता. (ही म्हणाली, तो असता तर वापरला असता.) दुकान मी मनातल्या मनात परत माझ्या नावावर केलं, पण त्याचा जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाबा हळूहळू परत आले. परत आल्याचं मला कसं कळलं? सूप आणणाऱ्याच्या हातातला वाडगा त्यांनी तळहातावर तोलला आणि ते काहीच बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "पेपर येत नाही का इथे?" मला रडू यायला हवं होतं. मी म्हटलं, नाही येत.

त्यानंतर समुद्र खवळला. जहाजावरचं प्रत्येक माणूस आडवं झालं. ही एका बादलीशी, मी दुसरीशी. एकटे बाबा खिडकीपाशी ताठ बसून लाटा बघत होते आणि पाव खात होते. मी बादलीतून तोंड वर काढून विचारलं, तुम्हाला काहीच होत नाही? म्हणाले, "मला कधीच बोट लागलेली नाही. नोकरीत असताना बेटावरच्या दुकानांची तपासणी माझ्याकडेच होती." मग पट्ट्या का लावू दिल्यात, मी जवळजवळ ओरडलोच. बाबांनी पाव खाली ठेवला. म्हणाले, "तू कानाला हात लावत होतास. मी म्हटलं, लावतोय तर लावू दे." आणि पुन्हा लाटांकडे बघायला लागले. मला पुन्हा उलटी झाली आणि तोंड परत बादलीत गेलं.

आता घरी आहोत. तीन वाक्यं पुन्हा सुरू झाली आहेत. भावोजींना नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. तुम्ही दोघं कुठे बोटीने निघालात तर दुसऱ्याची उरलेली पट्टी घेऊ नका. भावोजींच्या डोळ्यात दाब आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाकीटसुद्धा उघडू नये. लावलीच तर एक, कोरड्या कातडीवर, कापून अर्धी वगैरे करायची नाही, आणि लावणाऱ्याने हात धुवायचे. कुणी लावली हे बायकोला मोठ्याने सांगायचं. हे सगळं त्या टेबलाच्या पायाखालच्या कागदात लिहिलेलं होतं.

ता. क. पुन्हा. पत्र लिहिण्याचं खरं कारण आता सांगतो. काल बाबांनी जेवताना (मिठाच्या डबीला नाही, मला) विचारलं, जहाजावर डेकवर एक गृहस्थ भेटले होते, काळा चष्मा लावलेले, फार सभ्य. त्यांचा पत्ता मिळेल का? मी म्हटलं, शोधतो. ताई, तुझ्या शेजाऱ्यांचा पत्ता देऊ का? (तुझा त्यांना पाठ आहे.) पत्र त्यांच्याकडे आलं की तू ते माझ्या दुकानावर पाठव. उत्तर मी लिहीन, पण माझं अक्षर ते ओळखतील, म्हणून भावोजींकडून उतरवून घे. खोकत का होईना, पण सुवाच्य काढायला सांग. लवकर कळव, कारण बाबा पलीकडच्या खोलीत कागद घेऊन बसलेसुद्धा आहेत. आत्ताच मला हाक मारून विचारलं, त्या गृहस्थांना मुलंबाळं आहेत का, हे विचारलेलं बरं दिसेल ना?

मी म्हटलं, विचारा.