कलम चारमधला शब्द

प्रिय सुकन्या,
सप्रेम जय भीम.

पत्र पाहून तू हसशील. अंथुर्ण्याहून बारामतीला एसटीनं तासाभरात पोचणारा बाप पोस्टानं येतोय! पण हे तोंडावर सांगायची माझी छाती नाही.

आपल्या विहार मंडळाची घटना दुरुस्त करायला आम्हा पाच जणांची समिती नेमलीय, हे तुला ठाऊक आहेच. मसुदा मी लिहायचा, अध्यक्ष म्हणून रतननं एकेक कलम वाचायचं, हरकत नसेल तर मंजूर. निवडणुकीचं कलम चहा संपायच्या आत मंजूर झालं. चपला कुठं काढायच्या यावर मात्र दीड तास गेला. मग कलम चार आलं. 'सभासदाचा मुलगा वयात आल्यावर सभासद होईल.' याच ओळीवर बोट ठेवून तुझा अर्ज परत पाठवला होता. समाधान पुण्यात राहतो, वर्षातून एकदा फिरकतो, तरी तुझा भाऊ सभासद. तू दर रविवारी येऊन विहारात अभ्यासिका चालवतेस आणि किल्लीसाठी रतनच्या दारात उभी राहतेस. मला ते बघवत नाही.

रतन म्हणाला, जुन्या माणसांचा शब्द आहे, आपण कोण बदलणार? तशा मालनकाकू खवळल्या. समितीत त्या एकट्याच बाई. "आमच्या मालकांनी लेकरू म्हणलं हुतं. मी तितंच हुते. लेकरू म्हंजी पोरगं बी अन् पोरगी बी!" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. एकोणऐंशी साली ती घटना उतरवून घेणारा मीच ना. मी म्हणालो, आठवत नाही. काकू माझ्याकडं बघत राहिल्या. "व्हय बाबा, म्हातारी झाले मी," म्हणून उठून गेल्या. कलम जसंच्या तसं राहिलं. इतिवृत्तात 'सर्वानुमते' हेही मीच लिहिलं.

पोरी, मला लख्ख आठवतंय. सतरा वर्षांचा होतो, नुकताच मॅट्रिक झालेला, शुद्ध मराठीचा कोण ताठा! काकूंचे मालक, रामभाऊ तात्या, सांगत होते, "सभासदाचं लेकरू." मला वाटलं, घटनेत असला गावठी शब्द शोभत नाही. मी तो सुधारून 'मुलगा' केला. मुलींचा विचारसुद्धा मनात आला नाही, त्याचीच आता लाज वाटते. वाचता येणारं दुसरं कोणी नव्हतं. सगळ्यांनी विश्वासानं अंगठे उठवले.

काल काकूंच्या दारात जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला नगं सांगू, सभंत सांग." रविवारी सर्वसाधारण सभेत मसुद्यावर शेवटचं मतदान आहे. मी उभा राहून सांगणार आहे. 'लेकरू' परत घालायला दोन तृतीयांश हात वर होतील का, देव जाणे म्हणायचीही आपल्याला सोय नाही. पण चारचौघांत ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुझा अर्ज खरं तर मंडळानं फेटाळलाच नव्हता. तो नकार माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेला होता, तू जन्मायच्या दहा वर्षं आधी.

तुझाच,
आप्पा