निळ्या जिभेचा साक्षीदार

ता. ४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. इकडे माझं लग्न मोडायच्या बेतात आहे आणि कारण वाचून तू हसणार आहेस.

माझा होणारा नवरा, दातांचा डॉक्टर, काल घरी आला. त्यालाही बाबांसारखा वही घेऊन चित्रं काढत हिंडायचा नाद आहे आणि त्याने बाबांची वही पान न् पान पाहिली, म्हणून बाबा खुशीत होते. मग त्याने खिशातून रंगांची डबी काढली. आत जलरंगाच्या विकतच्या वड्या! डबीतून बेडूक निघाल्यासारखा बाबांचा चेहरा झाला.

बाबांचं मत तुला पाठ आहेच. ट्यूबमधला रंग डबीत पिळून वाळवावा, तोच खरा. विकतची वडी म्हणजे दगड. ती घासेपर्यंत समोरचं मांजर उठून जातं. त्यावर डॉक्टर हसत म्हणाला, की वाळवलेल्या रंगाला तडे जातात आणि डबी खुळखुळ्यासारखी वाजते. झालं! वडीवाल्याच्या लग्नात साक्षीदाराची सही करणार नाही, नोंदणी कचेरीत पाऊलही टाकणार नाही, असं बाबांनी जाहीर केलं. आता जेवणाच्या टेबलावर त्यांची डबी वाळत पडली आहे. पंखा बंद. शिंक आली की आम्ही गॅलरीत पळतो.

बाबांशिवाय मला लग्न करायचं नाही गं. त्यांना तूच समजाव.

तुझ्या मायेवर विसंबलेली,
चिमणी


ता. ९ जून

चि. ठिपक्यास अनेक आशीर्वाद.

चिमणीचं पत्र आलं. आशीर्वाद रीत म्हणून लिहिले, खरं तर धाकट्या भावाचा कान पिळायचा होता. तो मुलगा तुझी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघतो. आजवर हे कोणीच केलेलं नाही, मीसुद्धा नाही.

तुझं दुखणं रंगाचं नाही, हे मला इथे बसून कळतं. पोरगी गेल्यावर रविवारी नदीकाठी तुझ्या शेजारच्या घडीच्या स्टुलावर कोण बसणार, हे ते दुखणं आहे. मग तसं सांग ना! बिचाऱ्या वड्यांना कशाला बदनाम करतोस?

रागावली तरी तुझीच,
ताई


ता. १४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

स्टुलाचा इथे काहीही संबंध नाही.

घरातले तिखटमीठ लावून कळवतील, त्याआधी मीच सांगतो. डॉक्टर एक पुडी ठेवून गेला होता. आत चकचकीत कागदात गुंडाळलेले चौकोनी तुकडे. मनधरणीची चॉकलेटं समजून एक सोडून न बघताच तोंडात टाकलं. गोडसर लागलं. दुसरं सोडलं तर आत निळी वडी! आरशात पाहिलं, जीभ शाईच्या दौतीसारखी. डॉक्टर धावत आला, बॅटरी मारून दाढांपर्यंत बघितलं आणि रंग विषारी नाही म्हणाला, पण खळखळून चूळ भरायला लावली.

ताई, मी खोटं बोलणार नाही. वडी जिभेवर ठेवताच विरघळली. घासावी लागली नाही. पण न्याय म्हणजे न्याय. माझा वाळवलेला निळाही चाखून बघणार, आणि सहीचं त्यानंतरच ठरेल. तो अजून ओला आहे.

आपला आज्ञाधारक (एरवी),
ठिपक्या


ता. २१ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लग्न झालं!

सकाळी आम्ही नटूनथटून दारात, आणि बाबा टेबलापाशी. रंग एकदाचा वाळला होता. तडे गेले होते, डबी खरंच खुळखुळत होती. त्यांनी निळ्याचा एक तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटले. जीभ टाळूवर घोळवून म्हणाले, की विरघळतात दोन्ही सारखेच, चव मात्र वडीची बरी. मग चपला घालून तेच सगळ्यांच्या पुढे निघाले.

सही झाल्यावर त्यांनी डॉक्टरच्या हातात एक लांबट पुडकं दिलं. आत घडीचं नवंकोरं स्टूल. दोन घरात आहेतच, हे तिसरं, असं म्हणाले, आणि रविवारी उशीर केलेला चालणार नाही अशी तंबी दिली.

फोटो सोबत पाठवते. बाबांनी तोंड मिटून ठेवायचं असं ठरलं होतं. पण डॉक्टर स्टूल उघडून तिथेच त्यांच्या शेजारी बसला, आणि बाबांना राहवलं नाही. बघ किती निळं हसतायत.

तुझा लोभ आता दोघांवर राहू दे.
चिमणी