वाळूच्या ओढ्यात

टुसॉन
मंगळवार, ११ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. तुझे फोनही येऊन गेले, ते मी घेतले नाहीत. इकडे सगळं ठीक आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? नोएमीला शिकवताना शाळेतल्या पोरांनी भंडावून सोडलंय, पण ती खूश आहे. अंगणातल्या लिंबाला यंदा भरपूर फळ लागलंय. अक्षर बारीक आलंय, चष्मा लावून वाच.

रविवारी आम्ही पार्कातल्या डोंगराला सायकलवरून वळसा घालून आलो. मी, नोएमी आणि शेजारचा वाल्डो. तुझा रुबेन होता तेव्हा मी आणि तो जायचो तीच वाट. तो घरी येऊन तुला अशा काही गोष्टी सांगायचा की जणू हिमालय उतरून आलाय. खरं तर सोपी वाट आहे, आरामात जावं आणि गप्पा माराव्यात अशी. थंडीत पाऊस झाल्यामुळे उतारावर पिवळी फुलं आली आहेत.

वाल्डोने आता बॅटरीची सायकल घेतलीय. मी म्हटलं, "तू सायकल फिरवतोस की सायकल तुला फिरवते?"

"हेवा वाटतोय तर तसं सांग," तो म्हणाला आणि पुढे निघून गेला. पहिल्याच वळणावर चोयाच्या निवडुंगाला घासला. पोटरीत काट्यांचा अख्खा गोळा रुतला. नोएमीने त्याच्याच खिशातला कंगवा घेऊन तो उपटून काढला.

"काका, डोक्यावर एक केस नाही आणि कंगवा बाळगता?"

"केस गेले, काटे आहेत ना," तो म्हणाला.

डोंगराच्या मागच्या अंगाला कोरडा ओढा आहे. एरवी आपण वेगात आलो की सायकल आपोआप पार होते. या वेळी वाळू खोल होती. पुढचं चाक रुतलं, मी पाय टेकले आणि खाली उतरलो.

आणि तिथेच उभा राहिलो.

"बाबा, चला ना," नोएमी मागून म्हणाली.

"चाललो," मी म्हटलं. पण पाय उचलेनात. दुखत नव्हते, काही नाही. फक्त जमिनीने धरून ठेवल्यासारखे. मागून दोन तरुण सायकलवाले आले आणि अदबीने थांबले. त्यांतल्या एकाने विचारलं, "सगळं ठीक ना, सर?" मी म्हटलं, जरा देखावा बघतोय. समोर मातीची दरड होती, ताई. दुसरं काही नव्हतं.

नोएमीने सायकल आडवी टाकली आणि माझ्याजवळ आली. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, पायांकडे बघत राहिली. तेवढ्यात वाल्डो परत आला.

"सांग तिला," तो म्हणाला. "नाहीतर मी सांगतो."

मग मी सांगितलं. मागच्या पावसाळ्यापासून आहे. डॉक्टरीणबाई पार्किन्सन म्हणतात. वाल्डोच मला त्यांच्याकडे घेऊन जातो. अक्षर बारीक होतं ते त्यामुळेच, आवाजही बसत चाललाय. फोनवर तू "काय झालं रे?" विचारलं असतंस म्हणून मी फोन घेतले नाहीत.

वाल्डोने आपला बूट माझ्या पायांपुढे आडवा ठेवला. "बाईंनी सांगितलेलं विसरलास? ओलांड."

मी ओलांडलं. असं का होतं ते बाईंनाही नीट सांगता येत नाही, पण पुढे काही आडवं असलं की पाय उचलतो. मग नोएमीने तिचा बूट ठेवला. असे आम्ही एकेक बूट ओलांडत त्या ओढ्यातून बाहेर आलो. ती दोन पोरं आमच्या सायकली घेऊन मागून येत होती.

पलीकडे मी सायकलवर बसलो आणि निघालो. पॅडल मारताना ह्याच पायांना काही म्हणजे काही होत नाही. नोएमी मागून ओरडून सांगत होती की सावकाश जा.

गाडीपाशी पोचल्यावर ती माझ्यावर बरसली. मग रडली. मग म्हणाली, "आत्याला सांगितलंत?"

"तिचं लग्न आहे."

"म्हणूनच विचारतेय. तिने मला फोन केला होता. तिला वाटतंय तुम्हाला अन्सेल्मो पसंत नाहीत. रुबेनकाका तुमचे मित्र, म्हणून तुम्ही रागावलाय असं तिला वाटतंय."

ताई, तुला असं वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रुबेन गेला तेव्हापासून तुझ्याकडे आलो की त्या घरातली शांतता मला खायला उठायची. नाताळात आलो तेव्हा अन्सेल्मो तुझ्या स्वयंपाकघरात रेडिओ लावून कांदा चिरत होता, तू त्याला रागावत होतीस. परतताना रस्ताभर मला हलकं वाटत होतं. राग कसला येणार?

तू लिहिलंस, "बाबा नाहीत, तर मला वेदीपर्यंत तूच ने." ते वाचलं आणि डोळ्यांपुढे एकच आलं. चर्चच्या मधोमध मी तुझा हात धरून थिजलोय, माणसं माना वळवून बघतायत, आणि दिवस तुझा आहे. म्हणून उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो.

नोएमी म्हणते, आत्याला दुसरं कुणी तरी बघायला सांगा. ते मी सांगणार नाही. सगळं तुला कळलंय, आता तूच ठरव. माझ्या मनाचं विचारशील तर मलाच नेऊ दे. वाटेत थांबलोच तर सगळ्यांना थोडं थांबावं लागेल. अन्सेल्मो इतकी वर्षं एकटा थांबला, आणखी थोडा थांबेल.

आता फोन कर. मी उचलीन. आवाज बारीक आला तरी मीच आहे असं समज.

तुझा हात धरायला एल पासोला येणारा, तुझा धाकटा,
एव्हारिस्तो